बुटातला खडा

माझ्या सासऱ्यांना सगळं मैदान 'दुर्बीण' म्हणतं. त्यांच्याकडे दुर्बीण नाही, कधी नव्हती. पण पलीकडच्या वळणावर एखाद्या मुलीने चुन्याच्या रेषेच्या आत पाऊल टाकलं, की इकडे यांची शिट्टी वाजलीच म्हणून समजा. हे नाव कुणी ठेवलं याचा तपास ते कित्येक वर्षं करताहेत, आणि त्यांच्या संशयितांमध्ये माझा नंबर बराच वर आहे.

या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना चहा दिला. त्यांनी कप उचलला, हुंगला, परत खाली ठेवला आणि विचारलं, "साखर कुणी घातली?" मी घाबरत म्हटलं, "मी." "मोजून?" आत गेल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस गं. माझ्या हातचा चहा ते अजून हुंगतात." त्या गेल्या, पण हुंगणं काही गेलं नाही.

बाबांचा दूधवाल्यावर विश्वास नाही, विजेच्या मीटरवर नाही, डॉक्टरांच्या थर्मामीटरवर तर मुळीच नाही. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघतात, कोपऱ्यापर्यंत जातात आणि तिथून परत येऊन पुन्हा ओढतात. मी शिवणकाम करते, माझं मशीन बाहेरच्या खोलीत खिडकीशी असतं, त्यामुळे हा सगळा तमाशा मला रोज फुकटात दिसतो. नवरा म्हणतो, दुर्लक्ष कर. तो सकाळी कामाला जातो, त्याला काय जातंय म्हणायला!

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाबा धावपटू मुलींच्या क्लबात मास्तर झाले. तिथे मात्र त्यांच्या या स्वभावाचं सोनं झालं. दर हंगामाच्या सुरुवातीला मुलींच्या दमाची चाचणी असते, ती त्यांच्याशिवाय कुणी घ्यायची नाही असं ठरूनच गेलं. चाचणी म्हटली तर अगदी साधी. बारा मिनिटं पळायचं, जेवढं जमेल तेवढं. वेळ संपली की शिट्टी होते, आणि जी जिथे असेल तिने तिथेच खिळल्यासारखं उभं राहायचं. मग चाक लावलेली काठी फिरवत जाऊन शेवटचा तुकडा मोजायचा, पुऱ्या झालेल्या फेऱ्यांत मिळवायचा, की अंतर मिळालं. त्या अंतरावरून शरीर किती प्राणवायू ओढून वापरू शकतं याचा अंदाज येतो. थोडक्यात, कुणाच्या फुप्फुसात किती दम आहे ते कळतं. पोरगी दिसायला कशी, बापाची ओळख कुठवर, याला त्यात काही किंमत नाही. बाबांना ही चाचणी म्हणूनच आवडते.

पण फेऱ्या मोजायला माणूस लागतो. आमचं मैदान लहान, फेरी अडीचशे मीटरची. पाच-सहा मुली एकदम पळायला लागल्या, एकमेकींना मागे टाकायला लागल्या, की कुणाची कितवी फेरी हे एकट्याच्या डोक्यात राहत नाही. सगळीकडे रीत अशी, की अर्ध्या मुली पळतात, अर्ध्या मोजतात, मग अदलाबदल. आणि मैत्रीण मैत्रिणीची फेरी मोजायला लागली, की अंतर भराभर वाढतं, हे काय सांगायला पाहिजे? बाबांनी त्यावर तोड काढली होती. ते हंगामभर नजर ठेवून असायचे, कुणाचं कुणाशी वाकडं आहे, कोण कुणाशी बोलत नाही, आणि चाचणीच्या दिवशी नेमक्या त्याच दोघींची जोडी लावायचे.

"वैरीण मोजते ना, एक फेरी जास्त धरणार नाही," ते म्हणायचे.

"आणि कमी धरली तर?" मी एकदा विचारलं.

"तर पळणारी बोंब मारेल. दोन्हीकडून बंदोबस्त!"

माणसांच्या भांडणाचा असा उपयोग करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

यंदा या चाचणीवर एक मोठी गोष्ट अवलंबून होती. मोठ्या निवासी प्रशिक्षण केंद्रात आमच्या क्लबाला एक जागा मिळाली होती. राहणं, खाणं, शिकणं, पळणं सगळं तिथेच. सत्तावीसशे मीटरच्या वर जी सगळ्यात लांब जाईल, तिची ती जागा. यादी त्याच दिवशी संध्याकाळी क्लबाच्या सचिवांकडे जायची होती.

सगळे धरून चालले होते की जागा दंतवैद्याच्या मुलीची. उंच, शिस्तीची, चार शब्दांत बोलणं संपवणारी. दुसरी कुणी आसपास नव्हती. 'गोगलगाय' तर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. गोगलगाय म्हणजे एका लिफ्टवाल्याची मुलगी. गेल्या हंगामात ती इतकी मागे राहायची, की तिचं आटपेपर्यंत बाकीच्यांनी बूट काढून पिशवीत टाकलेले असायचे. या दोघींचं जुनं भांडण होतं. रिलेच्या शर्यतीत हातातून हातात देताना दांडी पडली होती. तू पाडलीस, नाही तू पाडलीस, यावरून जे बोलणं बंद झालं ते बंदच. तेव्हा बाबांची जोडी आपोआप ठरली.

पण दोन हंगामांमधली सुट्टी संपवून गोगलगाय आली ती वेगळीच. पुढे पळायला लागली, धापही लागेना. बाबांचे कान टवकारले.

"काहीतरी पाणी मुरतंय," ते मला म्हणाले. "गोळ्या-बिळ्या घेते का बघायला पाहिजे. नाहीतर आतून कापत असेल वळण."

"बाबा, तिच्या बापाची लिफ्ट बंद आहे."

"त्याचा काय संबंध?"

तो संबंध मी डोळ्यांनी पाहिला होता. ज्या इमारतीत तिचा बाप लिफ्ट चालवतो, तिथे सगळ्यात वरच्या मजल्यावर माझी एक गिऱ्हाईक राहते. तिच्या कोटाचं माप घ्यायला गेले, तर लिफ्टला पाटी: बंद आहे. जिना चढता चढता माझा जीव कंठाशी आला. आणि ही पोरगी माझ्या बाजूने पाण्याचा मोठा कॅन खांद्यावर घेऊन वर गेली, परत आली, कुणाच्या तरी भाजीच्या पिशव्या उचलून पुन्हा वर गेली. लिफ्ट दुरुस्त होईना, लोक बापावर ओरडायचे, म्हणून सगळ्यांचं सामान बाप-लेक मिळून वर पोचवत होते. सुट्टीभर हेच. जिन्यात मला म्हणाली, "काकू, केंद्रात नाही घेतलं तर पळणं संपलं माझं. कपड्यांच्या दुकानात उभं राहायचं ठरलंय." आणि हसून खाली पळाली.

मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "जिने चढून कुणी पळायला लागतं का? तुला तिनेच सांगितलं असणार असं बोलायला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वाद कुणाशी घालायचा?

आता बटणांचं सांगते. त्याच गिऱ्हाइकाच्या कोटासाठी मी काळी, चकचकीत, मोठी बटणं आणून डब्यात ठेवली होती. चाचणीच्या आदल्या दिवशी बघते तर मूठभर गायब. शोधलं तर बाबा मागच्या ओसरीत बसून ब्लेडने एकेका बटणावर फुली ओढत होते.

"अहो बाबा! गिऱ्हाइकाची बटणं आहेत ती!"

"देईन परत."

"फुल्या मारून?"

तेव्हा कळलं. यंदा वैरिणीच्या मोजणीवरही त्यांचा भरवसा राहिला नव्हता. ते स्वतः गुपचूप गोगलगायीच्या फेऱ्या मोजणार होते. दर फेरीला एक बटण डाव्या खिशातून उजव्या खिशात. फुली कशाला, तर मधेच कुणी दुसरं बटण खिशात सारलं तर ओळखू यावं म्हणून. दुसऱ्याच्या खिशात बटण सारायला कोण बसलंय, हे विचारायचं मी सोडून दिलं होतं. पण दुसरी एक गोष्ट बोलले. "बाबा, त्या पँटच्या उजव्या खिशाचं अस्तर लोंबतंय, मी वाळत घालताना पाहिलंय. द्या, पाच मिनिटांचं काम आहे."

"काही नको. जरा शिवण उसवलीय, एवढंच."

घरात शिवणयंत्र आणि सासरे फाटक्या खिशाने हिंडतात! कारण मला ठाऊक होतं. शिवायला द्यायची म्हणजे खिसे रिकामे करायला हवेत, आणि खिशातल्या चीजवस्तू सुनेसमोर कोण ठेवणार? कपाटाची किल्ली असते त्यात.

चाचणीच्या सकाळी त्यांचा चहाचा थर्मास घेऊन मी मैदानावर गेले, ती तिथेच बसले. कोटाची काजं करायला घेतली होती. मला विचाराल तर मी फेऱ्या मोजत नव्हते.

आधी दंतवैद्याची मुलगी पळाली. मोजायला गोगलगाय. सत्तावीसशेच्या थोडं पुढे शिट्टी झाली. अंतरावर दोघींचं एकमत झालं, मात्र एकमेकींकडे न बघता. मग अदलाबदल. गोगलगाय रेषेवर आली, दंतवैद्याची मुलगी खडूच्या खुणेशी उभी राहिली. बाबा उजवा हात खिशाजवळ ठेवून, मान पुढे काढून उभे. एक डोळा पोरीवर, एक मोजणारीवर. पोरगी पळत काय होती! पायांचा आवाज येत नव्हता. मी सुई हातात धरून बघत राहिले. शिट्टी झाली, सगळ्या होत्या तिथे थांबल्या.

"किती?" बाबांनी विचारलं.

"अकरा, आणि वर तो तुकडा," दंतवैद्याची मुलगी म्हणाली. आवाज खणखणीत होता.

बाबांनी उजव्या खिशात हात घातला आणि तळहातावर बटणं घेतली. पुन्हा मोजली. त्यांचा चेहरा बदलला.

"दहा."

"नाही सर. अकरा."

"माझ्याजवळ पुरावा आहे. दहा!"

अकरा धरल्या तर गोगलगाय पुढे, जागा तिची. दहा धरल्या तर ती सत्तावीसशेच्याही खाली, आणि जागा दंतवैद्याच्या मुलीची. म्हणजे ही मुलगी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत होती. दुसऱ्या कुणाला यात तिचा खरेपणा दिसला असता. बाबांना कट दिसला.

"वैरीण असून जास्त सांगतेस? म्हणजे तुमचं आतून जमलंय. भांडण नुसतं दाखवायला! किती दिवस चाललंय हे?"

"आमचं काही जमलेलं नाही," ती म्हणाली. "मी हिच्याशी बोलतसुद्धा नाही."

"खोटारडी आहेस तू."

हे ते सगळ्यांसमोर म्हणाले. ती मुलगी लालबुंद झाली, पण मान खाली घातली नाही. गोगलगाय अजून तिच्या जागेवरच उभी होती, कारण शेवटचा तुकडा मोजल्याशिवाय हलायचं नसतं. तिथूनच ती म्हणाली, "सर, मला परत पळवा. आत्ता."

"आत्ता पळून काय कळणार? दमलेल्या अंगाची चाचणी होत नाही. यादी आज जाणार. दहा म्हणजे दहा." आणि त्यांनी पाठ फिरवली. मला लाज वाटली. थर्मास उचलून मी त्यांच्या मागे निघाले.

वाटेत ते लंगडायला लागले.

"काय झालं?"

"बुटात खडा गेलाय. मैदानावरच गेला. कुणीतरी टाकला असणार."

"काढा की मग."

"रस्त्यात एका पायावर उभा राहू? कुणी धक्का दिला म्हणजे?"

त्यांचे ते उंच कापडी बूट, नाड्या नेहमी सैल, खडा जाईल नाहीतर काय! त्या पोरीचं 'मला परत पळवा' कानातून जात नव्हतं.

घरी आल्यावर ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले, उजवा बूट ओढून काढला आणि उलटा करून झटकला. टक्कन आवाज झाला. काहीतरी काळं फरशीवर पडलं, घरंगळत माझ्या मशीनच्या पायाशी गेलं आणि थांबलं.

बटण होतं.

मग ते म्हणाले, "तुझंच असेल. तुझी बटणं घरभर लोळत असतात."

"बुटातून पडलं ते बाबा. माझ्या डोळ्यांदेखत."

"तूच टाकलं असशील. तुला त्या पोरीचा पहिल्यापासून पुळका."

इतकी वर्षं मी ऐकून घेतलं होतं, पण त्या दिवशी माझा तोल गेला. "टाकलं मी! तुम्ही चालत असताना रस्त्यात तुमच्या बुटात टाकलं! उचला ते आणि बघा तरी!"

मी इतकी ओरडेन असं त्यांना वाटलं नसावं. ते वाकले, बटण उचललं, खिडकीकडे धरलं. त्यावर ब्लेडने ओढलेली फुली होती, त्यांच्याच हातची. आदल्याच दिवशीची, म्हणजे जुनं कुठलं बटण म्हणायचीही सोय नव्हती.

त्यांनी उजव्या खिशात हात घातला. खाली मांडीवर पँटचं कापड हललं, बोटं भोकातून पार गेली होती. दर फेरीला त्यांनी बटण खिशात टाकलं होतं, आणि त्यातलं एक अस्तरातून निसटून पायावरून सरळ बुटात उतरलं होतं. ते बराच वेळ खुर्चीवरून उठले नाहीत. एका पायात बूट, एक पाय उघडा.

"ती खरं सांगत होती," शेवटी ते म्हणाले. मग घाईने बूट चढवला. "चल. ती इमारत कुठली ते दाखव."

लिफ्टला अजून पाटी होतीच. गोगलगायीचा बाप बंद दारापाशी स्टुलावर बसला होता. त्याने बाबांना ओळखलं आणि उठला नाही. मैदानावर काय झालं ते त्याला कळलेलं दिसत होतं. "वर आहे," एवढंच म्हणाला. "सगळ्यात वर. सामान घेऊन गेलीय."

"खाली येईल ती, थांबूया," मी म्हटलं.

"नको."

बाबा जिना चढायला लागले. पहिला मजला ताठ मानेने. दुसऱ्यावर कठडा धरला. तिसऱ्यावर थांबले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "कॅन घेऊन चढते?"

"खांद्यावर."

"रोज?"

"दिवसातून किती वेळा ते मी नाही मोजलं, बाबा."

पुढचे मजले ते बोलले नाहीत, बोलण्याइतका श्वासच उरला नव्हता. वर पोचलो तेव्हा गोगलगाय कुणाच्या तरी दारातून रिकाम्या हाताने बाहेर येत होती. सरांना बघून जागच्या जागी थांबली. बाबा तोंड उघडत होते, पण आवाज फुटेना. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. त्या पोरीने कसलाही विचार न करता दारातली खुर्ची ओढली, त्यांना बसवलं आणि पाणी आणलं.

त्यांनी पाणी घेतलं नाही. आधी मूठ उघडली. तळव्यावर ते काळं बटण.

तिला काही कळलं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली. मी सांगणार होते, पण बाबांनी हाताने मला थांबवलं. त्यांना ते स्वतःच सांगायचं होतं, आणि आम्ही दोघी त्यांचा श्वास परत येण्याची वाट बघत उभ्या राहिलो.

"अकरावं," ते म्हणाले. "माझ्या बुटात होतं."

मग मोडक्यातोडक्या वाक्यांत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती पोरगी भिंतीला टेकून खालीच बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मलाही रडू आवरेना. बाबांनी तेव्हा कुठे पाण्याचा पेला उचलला आणि न हुंगता पिऊन टाकला.

संध्याकाळी यादी सचिवांकडे गेली ती गोगलगायीच्या नावाने. रात्रीची भांडी आवरून मी बाहेर आले, तर माझ्या मशीनवर ती पँट. खिसे भरलेलेच होते. शिट्टी, कंगवा, माझ्या गिऱ्हाइकाची बटणं आणि कपाटाची किल्ली. मी सगळं काढून खिडकीत ठेवलं, नवं अस्तर लावलं, आणि सगळं जिथल्या तिथे परत ठेवलं. सकाळी त्यांनी पँट घातली, खिशात हात घातला आणि बोटाने शिवण ओढून पाहिली. मी बघतेय हे लक्षात आल्यावर हात बाहेर काढला.

"सवय गं," म्हणाले.

त्या दिवशी थर्मास नेण्याचं निमित्त करून मी पुन्हा मैदानावर गेले. मुलींचा सराव चालू होता. दंतवैद्याची मुलगी एका बाजूला बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. जागा गेल्याचं तिला कळलं होतं. मी तिच्याजवळ बसले. तीच म्हणाली, "काकू, अकरा म्हटलं तेव्हाच मला माहीत होतं, माझी जागा गेली. घरी जाऊन खूप रडले मी. पण झाल्या होत्या ना अकरा."

बाबा तेवढ्यात समोर येऊन उभे राहिले. हात मागे बांधलेले.

"मी काल तुला खोटारडी म्हणालो."

"हो सर," ती उठून उभी राहिली. डोळे भरलेले होते, पण आवाज तसाच खणखणीत. "सगळ्यांसमोर म्हणालात."

बाबांनी मान हलवली. मग शिट्टी तोंडात धरली आणि जोरात वाजवली. मैदानभर पळणाऱ्या मुली होत्या तिथे थांबल्या, वळणावरची गोगलगायसुद्धा. सगळ्यांची तोंडं आमच्याकडे वळली.

"ऐका सगळ्या!" ते ओरडले. "काल हिने बरोबर मोजलं. खोटं मोजलं ते मी."